हिंगवाल्या मॅडम

मॅडम चिडलेल्या असल्या की आम्हांला बरं वाटायचं. त्यांचं चिडणं रोजचं होतं. सकाळी गेटातून आत येताना वॉचमनवर, मग सायकल स्टँडवाल्यावर, मग पंपांच्या शेडमध्ये कोणीतरी व्हॉल्व्हच्या चाकावर वाळत घातलेल्या बनियनवर, असा तो राग पुढं पुढं सरकत आमच्या मेंटेनन्सच्या खोलीत पोचायचा. तोवर आमचा चहा झालेला असे. पण मॅडम गप्प झाल्या, आणि त्यातून हसल्या, की समजायचं, आज कोणाची तरी खैर नाही.

आमचा कारखाना वर्ध्याहून देवळीला जाणाऱ्या रस्त्यावर होता. रंगाच्या धंद्याला लागणारी रसायनं बनायची. आत गरम अ‍ॅसिड फिरवणाऱ्या पाइपलाइनींचं जाळं होतं आणि ते सगळं मॅडमच्या ताब्यात. मी वडनेरचा, घरी शेती. इंजिनिअर होऊन लागलेली ही पहिलीच नोकरी, आणि पहिल्याच दिवशी मला त्यांच्या हाताखाली दिलं. चाळिशी ओलांडलेली बाई. सुती साडी, पदर कमरेला आवळून खोचलेला, पायांत लोखंडी टोकाचे बूट. हेल्मेट बसावं म्हणून अंबाडा पार मानेवर उतरवलेला, आणि त्यात आकडे खोचलेले.

"इकडं ये बाबू," त्या म्हणाल्या. मला त्यांनी शेवटपर्यंत बाबूच म्हटलं.

त्यांनी मला एका लाइनखाली नेलं. बाहेरून पोलादाचा पाइप, आतून पांढऱ्या प्लॅस्टिकचं अस्तर. अ‍ॅसिड अस्तराच्या आतून वाहतं, पोलादाला शिवत नाही, असं मी पुस्तकात वाचलं होतं. पाइपाच्या प्रत्येक जोडाजवळ पोलादात एक बारीक भोक होतं. मॅडमनी लिटमसचा कागद थुंकीनं ओला केला आणि त्या भोकासमोर धरला. बघता बघता कागद लाल झाला.

"लीक आहे," मी म्हणालो.

"लीक असतं तं तुह्या डोक्यावर अ‍ॅसिड पडलं असतं. हात लाव. कोरडं हाये का नाई?"

होतं कोरडं.

"हा घाम होय," त्या म्हणाल्या. "अस्तराले भोक नाई, चीर नाई. तरी त्याच्या अंगातून वाफ निंगते. थोडी थोडी, पण रोज. ते बाहेर जावं म्हून हे भोक ठेवलं हाये. ज्या दिवशी कागद लाल नाई होणार, त्या दिवशी मले येऊन सांगजो. पळत येजो."

पुढं कितीतरी वर्षं मी ते पाहत आलो. मॅडम रोज सकाळी सगळ्या लाइनी पायी फिरायच्या. एखादं भोक धुळीनं किंवा गंजानं बुजलेलं दिसलं की अंबाड्यातला आकडा काढायच्या आणि हळूच मोकळं करायच्या. त्या आकड्याचं टोक त्यांनी घासून गोल केलेलं होतं आणि पोलादाच्या जाडीपेक्षा तो जास्त आत जाणार नाही अशी त्याला वाकण दिलेली होती. अस्तराला ओरखडा उठू नये म्हणून. काम झालं की आकडा धुऊन, पुसून पुन्हा अंबाड्यात. आणि पाइपाशी बोलायच्या. "काऊन बापा, दम कोंडला होता का?" माणसांशी इतक्या मायेनं बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं.

पाझर हा त्यांच्या डोक्यात बसलेला विषय होता. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी त्या पीत नसत, आपला पितळी तांब्या घेऊन यायच्या. लग्नाला गेल्या तर पंगतीत बसण्याआधी पाण्याच्या टाकीचा वास घ्यायच्या. एकदा हिंगणघाटच्या बसमध्ये मी त्यांच्या सोबत होतो. पुढच्या बाकाखाली एका माणसानं तणनाशकाचा डबा ठेवलेला आणि त्याला टेकून मिठाईची पिशवी. मॅडमनी त्याला हलवून उठवलं.

"डबा अलग कर."

"झाकण पक्कं हाये ना बाई."

"झाकणाची गोष्ट कोण करून राह्यलं? मी डब्याच्या अंगाची गोष्ट करून राह्यली. लेकरं खातीन ना ते पेढे?"

तो माणूस हसला. मॅडमनी कंडक्टरला घंटी मारायला लावली, बस थांबवली आणि डबा टपावर चढल्याशिवाय ती हलू दिली नाही. सगळी बस त्यांना शिव्या देत होती. त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या, जशा काही या बसमध्ये नव्हत्याच.

हिंगवाल्या मॅडम हे नाव मात्र मी येण्याआधीच पडलेलं होतं. त्याची गोष्ट कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला सांगत. तेव्हाच्या प्रॉडक्शन मॅनेजरनं बैठकीत म्हटलं होतं, की प्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिक, त्यातून वाफ जाते हे मॅडमचं खूळ आहे, भोकं ठेवायची जुनी पद्धत म्हणून ठेवतात. मॅडम हसल्या. त्या देवळीच्या किराणावाल्याच्या घरातल्या. वडलांचं दुकान आता भाऊ चालवायचा. दुकानात हिंग आणि चहापत्ती कधी शेजारी ठेवत नसत, हे त्यांना परकरात असल्यापासून माहीत. त्यांनी दुकानातून हिंगाचा खडा आणला, एकात एक अशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातला, प्रत्येक पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलं, आणि ऑफिसच्या चहापत्तीच्या डब्यात खोल पुरून ठेवला.

काही दिवसांनी चहा बिघडायला लागला. दूधवाला बदलला. कॅन्टीनच्या सुधाकरला बोलणी बसली, त्यानं पातेलं राखेनं घासलं. शेवटी मॅनेजरसाहेबांनी भर बैठकीत घोट तोंडातून परत कपात सोडला आणि विचारलं, चहात फोडणी कोणी घातली. मॅडम उठल्या, डब्यातून पुडी काढली, वरची पिशवी कापून रिकामी केली आणि साहेबांच्या हातात देऊन तिच्यात तांब्यातलं पाणी ओतलं.

"गळून राह्यलं का?"

"नाही."

"भोक हाये का?"

"नाही."

"मंग हिंग कुठून गेला?"

साहेबांनी पिशवी मॅडमच्या हातात परत दिली. ते मॅडमबरोबर लाइन बघायला गेले आणि पुन्हा कधी त्यांनी भोकांचा विषय काढला नाही. मॅडमचं तेवढ्यावर भागलं नाही. जुना दूधवाला परत लावेपर्यंत त्या प्रशासनाच्या खोलीत रोज जाऊन भांडत राहिल्या. त्याचा काय गुन्हा, म्हणायच्या.

तो मॅनेजर निदान हरल्यावर गप्प बसणारा होता. नंतर आलेले साहेब तसे नव्हते. ते संपूर्ण कारखान्याचे प्रमुख म्हणून आले. पुण्याकडचे, गोड बोलणारे. त्यांना राग येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. कोणी ओरडलं की ते मान तिरकी करून ऐकायचे, आणि शेवटी म्हणायचे, "तुमचा मुद्दा मी नोंदवला." मला अजूनही कोणी असं म्हटलं की कानशिलं तापतात.

परदेशी ग्राहक कारखाना बघायला येणार होते. साहेब लाइनीखालून फिरले. भोकांपाशी पोलादावर गंजाचे तांबडे ओघळ उतरलेले होते, तसे ते उतरतातच. त्यांनी बैठक बोलावली.

"मॅडम, पाहुण्यांना वाटेल आपल्या लाइनी गळतायत. ती भोकं पुट्टीनं भरून वरून रंग मारून घेऊ."

"ते भोक मुद्दाम ठेवलेलं हाये, साहेब. आतून जे पाझरते, त्याले बाहेर जाले वाट पाह्यजे. वाट बंद केली का ते तिथंच कोंडते. पह्यले लोखंड खाते. मंग अस्तराले मागून दाबते, आन् अस्तर आतमंदी बसते, फाटते. मंग अ‍ॅसिड सरळ लोखंडावर."

"हो, पण हे पाझरणं किती? अगदी किंचित ना?"

"रोज किंचित."

"आणि दिसायला ते बरं दिसत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे."

"तुमचं नाक दिसाले कसं दिसते म्हून ते बुजवाचं का?"

साहेब मान तिरकी करून हसले. "छान उदाहरण आहे, मॅडम. तुमचा मुद्दा मी नोंदवला."

पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मॅडम सुट्टीवर गेल्या. भावाच्या नातवाचा लाकडी बैल त्या स्वतः सजवायच्या, दर वर्षी. मीही वडनेरला गेलो होतो. त्या दोन दिवसांत रंगवाल्या कंत्राटदाराची माणसं आणली गेली. आम्ही परत आलो तेव्हा अख्खी लाइन निळीशार चमकत होती. ओघळ गेले, गंज गेला. भोकं गेली.

मॅडम लाइनीखाली उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आकडा काढला आणि पहिल्या जोडापासून सुरुवात केली. जिथं नुसता रंग होता तिथं आकडा गेला. जिथं पुट्टी घट्ट बसलेली तिथं जाईना, मग त्यांनी माझ्याकडं हातड्रिल मागितलं. मी स्टोअरमध्ये गेलो तर स्टोअरवाला म्हणाला, मॅडमला काही द्यायचं नाही असा वरून हुकूम आहे. मी तसाच परत आलो आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर दिला. पुट्टी कोरताना त्यांच्या हाताला फोड आला, तो फुटला, तरी त्या जोडामागून जोड पुढं जात होत्या. त्या शिडीवर, मी खाली शिडी धरून उभा. लाइनीच्या मध्यावर, जिथं ती शेडमधून बाहेर पडून टाक्यांकडं वळते, तिथं सिक्युरिटीवाले आले. त्यांच्या मागं साहेब.

"मॅडम, खाली या. प्लीज. पाहुणे गेटवर आहेत."

"अर्धी लाइन राह्यली हाये."

"आपण नंतर बोलू ना शांतपणे."

"मी शांत नाई होणार. तुमी हे काय करून ठेवलं ते तुमाले समजून नाई राह्यलं, आन् समजून घ्याचंही नाई. उद्या कोणाच्या अंगावर गेलं तं?"

सिक्युरिटीच्या दोघांनी शिडी धरली आणि हलवली. जोरानं नाही, पण हलवली. पन्नाशीची बाई वर उभी असताना. मॅडम खाली उतरल्या. आकडा एकानं त्यांच्या हातातून काढून घेतला. मॅडमनी दिला नाही, त्यानं बोटं उघडून काढून घेतला, हे मी पाहिलेलं आहे.

त्याच आठवड्यात त्यांना पाइपलाइनींवरून काढून भंगाराच्या यार्डावर बसवलं. काम काय, तर येणारं-जाणारं भंगार बघायचं. लाइनी माझ्याकडं आल्या, पण भोकांना हात लावायचा नाही या अटीवर. मी तोंडी बोललो, भांडलो, वर गेलो, पुन्हा खाली आलो. माझाही मुद्दा नोंदवला गेला. अर्ध्या लाइनीसमोर लिटमसचा कागद लाल व्हायचा, अर्ध्या लाइनीसमोर तो जसाच्या तसा राहायचा. मी ते मॅडमला जाऊन सांगायचो. त्या ऐकायच्या आणि यार्डातल्या मुकादमावर ओरडायच्या.

मे महिन्यात कारखाना वार्षिक सफाईसाठी थांबला. लाइनी रिकाम्या झाल्या, थंड झाल्या, अस्तराला आतून धरून ठेवणारा दाब गेला. पुन्हा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. गजूभाऊ नावाचा देवळीचा फिटर होता, कंत्राटी. बारीक, उंच, काम करताना तोंडात सुपारी. टाक्यांकडच्या एका जोडापाशी ओल दिसते म्हणून त्याला बोल्ट आवळायला पाठवलं. मी पलीकडच्या पंपावर होतो. गजूभाऊनं पान्यावर जोर दिला आणि जोडाजवळचा पाइप पापुद्र्यासारखा तुटला. पोलाद उरलंच नव्हतं तिथं, नुसता निळा रंग होता.

त्याचं ओरडणं मी सांगणार नाही. अपघातासाठी ठेवलेल्या शॉवरखाली त्याला धरून ठेवणारे मी आणि पंपावरचा हेल्पर असे दोघं होतो, तिसऱ्या मॅडम. यार्डातून त्या कशा आणि केव्हा पोचल्या कोणी पाहिलं नाही. स्वतःच्या साडीसकट त्या पाण्याखाली उभ्या होत्या आणि गजूभाऊच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून होत्या. "मिटू नोको. गजू, मिटू नोको बापा." वर्ध्याहून त्याला नागपूरला नेलं. उजवा डोळा वाचला. डावा गेला.

चौकशी बसली. कारखान्याचे दोन अधिकारी आणि बाहेरून आणलेले एक वयस्कर सल्लागार. आम्हांला वाटलं होतं, आता साहेबांना विचारतील, पुट्टी कोणी भरायला लावली. त्यांनी बोलावलं मॅडमना. टेबलावर पारदर्शक पिशवीत त्यांचा आकडा ठेवलेला होता. मी साक्षीला म्हणून बाजूला बसलो होतो.

"हे तुमचं आहे?"

"माह्या डोक्यातलं हाये."

"यानं तुम्ही पाइपांना छिद्रं पाडत होतात, असं सिक्युरिटीचं म्हणणं आहे."

मॅडमनी पिशवी उचलून त्या तिघांपुढं धरली. "पोलादाले? साहेब, यानं पापडाले भोक पडते."

"आतल्या अस्तराला तर पडू शकतं?"

"टोक पाहा. बोट लावून पाहा. आन् मी अर्ध्या लाइनीपर्यंतच गेली होती. फुटला तो जोड त्याच्या पुढचा हाये. तिथं माहा हात लागला नाई. लागला असता तं त्या माणसाचा डोळा राह्यला असता."

मी उभा राहिलो आणि सांगितलं, की हे खरं आहे, शिडी मी धरली होती, मॅडम जिथवर पोचल्या तिथवरची लाइन आजही शाबूत आहे, एक जोड फुटलेला नाही. सल्लागारांनी मान हलवली. मॅडम म्हणाल्या, तो फुटलेला पाइप मागवा आणि इथं कापून बघा. अधिकारी म्हणाले, पाइप भंगारात गेला.

भंगाराचं यार्ड कोणाच्या ताब्यात होतं, हे त्या गडबडीत ते विसरले होते. मॅडमनी तो पाइप आल्या दिवशीच चुन्याच्या पाण्यानं धुऊन ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला होता. त्या उठून गेल्या. थोड्या वेळानं बाहेर चाकांची खडखड ऐकू आली. हातगाडी त्या स्वतः ढकलत आणत होत्या. मी धावलो, बाकीचं अंतर ती दोघांनी ओढली. चौकशीच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात मी ग्राइंडर लावला आणि पाइप उभा चिरला. ठिणग्या उडत होत्या, साहेब लोक दारात उभे.

दोन फाका झाल्या. तुटलेल्या भागाच्या पलीकडं भोकातली पुट्टी तशीच घट्ट बसलेली होती, वर निळा रंग. तिच्यामागं पोलाद वाळवी लागलेल्या चौकटीसारखं, हात लावला की भुगा. आणि पांढरं अस्तर, ज्यानं पोलादाला चिकटून गोल राहायचं, ते संपलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखं आत चेपलेलं. जिथं घडी पडली तिथं लांब चीर. आकड्याचं, सुईचं, कशाचंही भोक नव्हतं. यापुढं काही समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेतलं पोरही बघून सांगू शकलं असतं.

सल्लागार खाली वाकले. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेला गंज रुमालानं पुसला. त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला, म्हणून ठासून सांगतो, त्यांना सगळं कळलं होतं. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "हा नमुना योग्य मार्गानं समितीपुढं आलेला नाही. त्यामुळं तो विचारात घेता येणार नाही."

मॅडमनी माझ्या हातातला ग्राइंडर घेऊन खाली ठेवला. मी तो अजून धरूनच होतो, माझ्या लक्षातही नव्हतं.

"योग्य मार्ग तुमी पुट्टीनं बुजवला," त्या म्हणाल्या. एवढंच.

निर्णय आला. मॅडमनी परवानगीशिवाय लाइनींशी छेडछाड केली, त्यामुळं लाइन कमकुवत झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. गजूभाऊनं योग्य चष्मा लावला नव्हता. चष्मा त्यानं लावलेला होता, बाजूनं उघडा होता तो, आणि तसाच कारखान्यानं दिलेला होता. मॅडमना काढून टाकलं. साहेबांना वर्षाच्या आत मोठ्या कारखान्यावर बढती मिळाली. जाताना त्यांच्या निरोपसमारंभात कोणीतरी म्हणालं, साहेबांनी कधी आवाज चढवला नाही. टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर गेलो आणि तिथंच ठरवलं, की इथं राहायचं नाही.

आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ही, की निर्णयानंतर लगेच सगळ्या लाइनींवरची पुट्टी गुपचूप काढली गेली. भोकं उघडली. एवढंच नाही, तर पुन्हा कधी रंगाखाली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक भोकाला छोटी नळी बसवली. मॅडम वर्षानुवर्षं जे मागत होत्या ते. कोणी त्यांचं नाव घेतलं नाही.

मॅडम वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या आपल्या घरी बसल्या नाहीत. गजूभाऊची बाजू घेऊन त्या कामगार कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या. तिथल्या साहेबांवर, कारकुनांवर, वकिलावर, गजूभाऊच्या बायकोवर, सगळ्यांवर ओरडत. गजूभाऊ घरात पडून राहायला लागला तर त्याच्यावरही. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, फिटरकी जमणार नाही, असं तो म्हणाला, तर मॅडमनी त्याच्यापुढं रोज बोल्ट आणि नट ठेवले. तो बसवायला शिकेपर्यंत समोर बसल्या. भरपाई शेवटी मिळाली. त्यातून त्यानं देवळीत स्टँडजवळ पंक्चरचं दुकान टाकलं. मॅडम दुपारच्या तिथं जाऊन बसायच्या. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, चाकातली हवा आठवड्यात कमी होते, पंक्चर पाहा. मॅडम मध्येच बोलायच्या, "पंक्चर नाई बापा. रबरातून हवा पाझरते. नुसती भरून घे आन् जा."

"मॅडम," गजूभाऊ हात जोडायचा, "माहं दुकान बसन असानं."

मी तोवर नागपूरकडच्या दुसऱ्या कारखान्यात होतो. सुट्टीत आलो की दुकानात चक्कर व्हायची. मागच्या वर्षी असाच गेलो तेव्हा मॅडमनी सांगितलं, की जुन्या कारखान्यातून बोलावणं आलंय. मालक बदलले होते, मॅनेजर नवे होते. सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्या म्हणून यावं. कोणीतरी जुन्यांपैकी त्यांचं नाव सुचवलं असावं. मला वाटलं, त्या नकार देतील. त्या म्हणाल्या, "जाऊ. गजूलेही घेऊ. तू गाडी काढ."

गेटवर आम्हांला थांबवलं. आतून एक तरुण मॅनेजर लगबगीनं आला, मागं हातातल्या ताटात शाल आणि नारळ घेतलेली मुलगी. मॅडमना वाकून नमस्कार केला. मग गजूभाऊकडं पाहून वॉचमनला हळू आवाजात काही विचारलं.

"मॅडम, तुम्ही या ना आत. हे तुमच्याबरोबरचे काका इथं बाकावर बसतील. बाहेरच्या माणसांना आत न्यायची परवानगी घ्यावी लागते. आम्ही त्यांना चहा पाठवतो."

"याले ओळखता का तुमी?"

"नाही, मॅडम."

"तुमच्या लाइनीवर भोकाले नळ्या लावल्या हायेत ना. त्या कोणाच्या डोळ्यामुळं लागल्या, माहीत हाये का?"

मॅनेजरनं गजूभाऊकडं नीट पाहिलं. त्याला काहीतरी कळलं असावं. "ते आमच्या आधीचं आहे, मॅडम."

"म्हून काय झालं? हा बाहेरचा माणूस नाई. तुमी बाहेरचे. हा आत येईन तं मी येईन."

मॅनेजर फोनवर बोलला, पुन्हा बोलला, आत गेला. वॉचमननं आमच्यासाठी बाक सावलीत सरकवला. मॅडम बसेनात. गेटासमोर येरझाऱ्या घालत होत्या. गजूभाऊ बाकावर बसला, सुपारी काढली, कातरायला लागला.

"मॅडम," तो म्हणाला, "जाऊन या ना. शाल देतीन, दोन शब्द बोलतीन. मी बसतो अठीच. मले नाई राग आता. कधीचाच गेला."

मॅडम त्याच्यासमोर थांबल्या.

"तुले नाई, म्हून तं मले दोघांचा सांभाळा लागते," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसल्या.

आत लाऊडस्पीकर सुरू झाला. प्रमुख पाहुण्या थोड्याच वेळात मंचावर येत आहेत, असं कोणीतरी सांगत होतं. मग स्वागतगीत झालं. मग पुन्हा तेच सांगितलं गेलं. मॅनेजर काही परत आला नाही. गजूभाऊनं सुपारी पुढं केली, मॅडमनी दोन खांडं उचलली. देवळीकडं जाणारी बस आमच्यासमोरून गेली, तिच्यामागं धूळ. थोड्या वेळानं आत टाळ्या वाजल्या. मॅडमच्या जागी कोणाला उभं केलं होतं, ते बाहेरून दिसत नव्हतं.